खुर्चीची वीण

दि. ९ फेब्रुवारी

चि. धाकट्या,

आशीर्वाद आहेतच, आधी तक्रार ऐक. तुझ्या प्रिंटच्या नळकांड्यावर तू जी चिकटपट्टी गुंडाळली होतीस, ती सोडवता सोडवता माझ्या दोन नखांनी देह ठेवला. आत फोटो होता की राजाचा खजिना?

असो. पाच-पाच फुटांचे दोन्ही प्रिंट शेजारी शेजारी लावलेत. तीच खिडकी, तोच उजेड, तीच वेताची खुर्ची आणि खुर्चीत तीच तुझी वहिनी. तू डिजिटलवर तिला चाळीस वेळा टिपलंस. मी माझ्या लाकडी कॅमेऱ्यात, वहीच्या पानाएवढ्या एकाच फिल्मवर. पूर्वपक्ष माझा: भिंतीवरची सावली माझ्याकडे कशी हळूहळू विरत जाते, तुझ्याकडे एकदम संपते. उत्तरपक्ष तुझा: तुझ्या प्रिंटमध्ये वहिनीच्या पापण्या मोजता येतात, असं फ्रेमवाला म्हणतो. माझ्यात चेहरा धूसर.

फिल्मला चार सेकंद लागतात, तेवढ्यात ती हलली, असं मी मागच्या पत्रात ठोकून दिलं. टाकण्याआधी ते तिने वाचलं. "श्वाससुद्धा रोखला होता मी! भावजींना लिहा, हलला असाल तर तुम्हीच." तेव्हापासून चहाचा कप माझ्यापुढे ठेवला जात नाही, आदळला जातो.

तिचंच खरं. फ्रेमवाल्याने प्रिंटला नाक लावलं आणि म्हणाला, "साहेब, बाईंपेक्षा खुर्चीच्या पाठीची वीण झकास आलीय." म्हणजे फोकस वीतभर मागे बसला. तीस वर्षं हे काम करणाऱ्या माणसाचा.

पूर्वी काळ्या कापडाखाली आपण दोघं कानाला कान लावून उभे असायचो. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर सगळं जग शीर्षासनात. मी भिंग मागेपुढे सरकवायचो आणि चित्र स्पष्ट झालं की तू ओरडायचास, "दादा, आता!" तू गेलास आणि त्या कापडाखाली फार जागा झाली रे. गेल्या महिन्यात आलास, तर आपापला कॅमेरा घेऊन खोलीच्या दोन टोकांना उभे राहिलो. तुला हाक मारावीशी वाटली. मारली नाही.

त्या दिवशी काचेवर मला तिचा चेहरा दिसलाच नाही. फोकस अंदाजाने लावला. हल्ली ती समोर बसून हसली की नाही, हेसुद्धा मी आवाजावरून ठरवतो. तिला सांगितलेलं नाही, डॉक्टरकडे गेलेलो नाही. एकट्याने जायची भीती वाटते. येशील?

तुझा,
दादा