महागडा ॲम्प्लिफायर, स्वस्त स्पीकर आणि तुमची बहीण

आदरणीय दादा,

सप्रेम नमस्कार. (वयाने तुम्ही माझ्याहून जेमतेम आठ महिन्यांनी मोठे, पण बायकोचे थोरले भाऊ आहात, तेव्हा नमस्कार पुरेपूर मोजून घ्यावा.) तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? वहिनींचा खोकला थांबला का? आणि चार दिवसांसाठी म्हणून तुमच्याकडे आलेली, आज जिला तिथे एकविसावा दिवस आहे, ती आमची ही मजेत आहे ना? ती केव्हा येणार हे विचारण्यासाठी हे पत्र मुळीच नाही. फक्त तिने तुम्हाला तिची बाजू सांगितली असणार, तेव्हा माझीही कानावर असावी. फोनवर बोललो असतो, पण तुमचा फोन वाजला की तीच उचलते, म्हणून हा पत्रप्रपंच.

तुम्ही जन्मभर नळ जोडलेत, त्यामुळे माझा नवा ॲम्प्लिफायर आणि त्याला जोडलेले स्पीकर पाहताच तुम्ही म्हणालात की टाकी सोन्याची आणि तोटी प्लास्टिकची. ते मला लागलं होतं, हे आज कबूल करतो. पण माझाही नाइलाज होता. त्या ॲम्प्लिफायरला शोभतील असे स्पीकर घ्यायचे तर घर विकावं लागलं असतं, आणि मग ते ठेवायचे कुठे हा प्रश्न होताच. म्हणून मी असा सिद्धान्त मांडला की डोकं हुशार असलं की तोंड कसंही चालतं. (तुमच्या बहिणीने यावर माझ्या तोंडाकडे ज्या नजरेने पाहिलं, ते जाऊ द्या.) मग दुकानदाराच्या सगळ्यात खालच्या फळीवरचे दोन खोके घेतले. प्लायवूडवर लाकडाच्या रंगाचा कागद चिकटवलेला, तोही एका कोपऱ्यात सुटलेला. दुकानदाराने बांधून देताना दोनदा विचारलं, हे नक्की त्यालाच जोडणार का? वरून हेही सांगितलं की शंभर तास वाजल्याशिवाय नवा स्पीकर मोकळा होत नाही, तोवर त्याच्याबद्दल मत बनवू नका. ही अट मला फार आवडली, कारण पहिल्या दिवशी ते डब्यातून बोलल्यासारखे वाजत होते.

आता खरी अडचण ऐका. दोन स्पीकरचा आवाज नेमका जुळतो तो खोलीत एकाच जागी. मी दोरी लावून ती जागा काढली, फरशीवर चिकटपट्टीची फुली मारली आणि आमच्या चष्म्याच्या दुकानातली डोळे तपासायची खुर्ची तिथे आणून ठेवली. ती वरखाली होते, त्यामुळे कान स्पीकरच्या बरोबर रेषेत आणता येतात. सोफा आवाज पिऊन टाकत होता, म्हणून तो शेजाऱ्यांकडे दिला. (हिचं शिलाई मशीन आतल्या खोलीत असतं, म्हणून वाचलं.) मग खुर्चीत हिला बसवायचं, स्पीकर बोटभर सरकवायचा आणि विचारायचं, "आता बरं की मघाशी?" वीस वर्षं गिऱ्हाइकांना हाच प्रश्न विचारत आलो आहे, एकानेही कधी तक्रार केली नाही. ही चौथ्या संध्याकाळपर्यंत उत्तरं देत होती. पाचव्या संध्याकाळी खुर्चीत मी होतो. ही हातात चहाचा कप घेऊन दारात उभी राहिली, खोलीभर नजर फिरवली आणि शांतपणे म्हणाली, "मी कुठे बसायचं तेवढं सांगा." मी म्हणालो, पाच मिनिटं थांब, हे गाणं संपू दे. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने केर काढला, बॅग भरली आणि तुमच्याकडे निघून आली.

आणि दादा, चमत्कार असा की त्याच दिवसापासून स्पीकर मोकळे झाले. शंभर तास कधी भरले कळलंच नाही. आधी रेकॉर्डवर गाणारी बाई अगदी मधोमध ठाण मांडून बसायची. आता ती अदबीने उजवीकडे सरकली आणि डावीकडे केवढी तरी मोकळी जागा तयार झाली. मी लगेच आमच्या दोन जाणकारांना बोलावलं. एक दातांचे डॉक्टर, दुसरे निवृत्त भूमापक (हे स्वतःची टेप घेऊनच आले). दोघांच्या घरी माझ्या दहापट किमतीचे स्पीकर आहेत. डॉक्टर खुर्चीत डोळे मिटून बसले, तोंड मात्र सवयीने उघडं. बऱ्याच वेळाने म्हणाले की डाव्या बाजूला इतकी काळीभोर शांतता त्यांनी कुठेच ऐकली नव्हती, ही करामत ॲम्प्लिफायरचीच. भूमापकांनी डावीकडच्या भिंतीपर्यंत टेप लावली आणि सांगितलं की आवाज भिंतीच्या पलीकडे दहा फूट जातो. (पलीकडे शेजाऱ्यांची न्हाणी आहे, पण ते खोडून काढणं मला बरं दिसलं नाही.) जाताना दोघांचे चेहरे उतरले होते.

म्हणजे तुमची तोटी हरली आणि माझा सिद्धान्त जिंकला. आता हे कुणाला तरी सांगावं म्हणून मागे वळून पाहिलं, तर खोलीत कुणी नाही. डॉक्टरांना सांगून काय उपयोग, त्यांना फक्त वाईट वाटतं. आवाज उत्तम आहे दादा, पण एकट्याने ऐकायला मला अजिबात करमत नाही.

वहिनींना नमस्कार, गुडघ्याला जपा.

तुमचा,
मेहुणा

ता. क. वर लिहिलं की ती केव्हा येणार हे विचारण्यासाठी पत्र नाही, ते खोटं आहे. तेवढ्यासाठीच आहे. तिला पाठवून द्या. सोफा मी शेजाऱ्यांकडून परत आणला आहे. (ते त्यावर बसलेले होते, थोडं बोलणं झालं.) माझं नाव मात्र सांगू नका, तुम्हालाच तिचा कंटाळा आला असं काहीतरी सांगा.

ता. क. २. पाकीट शोधत होतो तेवढ्यात दार वाजलं. ती स्वतःच आली आहे. तेव्हा वरची विनंती रद्द समजावी, आणि कंटाळ्याचं तर बोलूच नका. पत्र एवढं लांबलंय की फाडवत नाही. मी दुकानात निघालो आहे, ती म्हणते पत्र टाकायला मीच जाते.

ता. क. ३. दादा, मी लिहिते आहे. पाकीट बंद केलेलं नव्हतं, म्हणून सगळं वाचलं. डाव्या स्पीकरची वायर मी निघायच्या सकाळी केर काढताना उपटून ठेवली होती, रागाने. मला वाटलं, संध्याकाळपर्यंत फोन येईल, हा बंद का पडला म्हणून, मग भांडून घेऊ आणि मी परत येईन. एकवीस दिवस वाट पाहिली. आणि इथे त्या शांततेची तारीफ चालू होती. तुला हसू येत असेल तर हस, पण ह्यांना कळू देऊ नकोस, डॉक्टरांपुढे मान खाली जाईल. वायर आता जोडून टाकते. मी आले ती का, तेही सांगते. परवा ह्यांचा फोन आला, म्हणाले, घरात एका बाजूने काहीच ऐकू येत नाही. मला वाटलं, सापडली एकदाची वायर. विचारलं, कुठल्या बाजूने? तर म्हणाले, तुझं शिलाई मशीन आहे त्या बाजूने.