सूनबाईला गाळणी सापडेना

धाकटे, तुला अनेक आशीर्वाद.

मी मुलाकडे सुखरूप पोचले. घर लहान आहे, पण उजेड भरपूर. तुझा गुडघा काय म्हणतो?

काल सूनबाई चहा करायला उठली आणि तिला गाळणीच सापडेना. साखर म्हणून मिठाचा डबा उघडला. शेवटी मुलाचा मित्र, जो इथे भाडेकरू म्हणून राहतो, त्याने न बघताच फळीवरून गाळणी काढली आणि म्हणाला, "आई, तुम्ही बसा, मी करतो." तीन वर्षांच्या संसारात गाळणी माहीत नाही, म्हणजे संसार तिचा नव्हे.

मी सरळ विचारलं. मुलगा म्हणाला, "बाबांना जायच्या आधी माझं लग्न बघायचं होतं गं. माझं घर याच्याबरोबरच आहे." सूनबाईचंही तसंच. तिची मैत्रीण दोन गल्ल्या पलीकडे राहते. लग्न चौघांनी मिळून ठरवलेलं.

त्या लग्नात हे किती खूश होते, ते आठवून मी रडले. मग चहा प्यायले. चांगला झाला होता.

सूनबाईला म्हटलं, "माझ्यापुढे नाटक नको, तू तुझ्या घरी, मैत्रिणीकडे जा." तिच्या आईवडिलांना मात्र हे एवढ्यात झेपणार नाही. पुढच्या महिन्यात ते येतील तेव्हा मी इथेच राहून झकास सासूपणा करणार आहे.

हे तुझ्यापाशीच ठेव. कुणी विचारलं तर सांग, मुलगा सुखात आहे. त्यात खोटं काहीच नाही.

तुझी,
ताई