एका नावाच्या दोघी

माय,

परवा सिद्धेश्वरच्या बाजूला एका शाळेत माझी निवडणुकीची ड्यूटी लागली होती. मतदान यंत्रावर एकाच नावाचे दोन उमेदवार, एक वर आणि एक खाली. एक आजी आत गेली, यंत्रापाशी वाकून वाकून पाहिलं आणि तिथूनच ओरडली, "ओ मॅडम, ह्यातला खरा कोन्ता?" नियमाने मी तोंड उघडायला नको होतं. पण मी तुझी लेक. म्हणाले, "दोघंबी खरेच हायेत आजी. तुमी तुमचं चिन्ह बघा." केंद्राध्यक्षांनी डोळे वटारले. वटारू देत. मला तो प्रश्न सतरा-अठरा वर्षांपासून ठाऊक आहे, आणि त्याचं उत्तर माझ्याइतकं त्या खोलीत कुणालाच येत नव्हतं.

तुझं नाव तसं तुझं कुठं होतं? आजोळी तुला वेगळ्याच नावाने हाक मारायचे. लग्नात ताटात तांदूळ पसरले, बाबांनी अंगठीने त्यात नवं नाव लिहिलं आणि तू ती झालीस. "मला माझं नाव तांदळात घावलं," असं तूच हसत सांगायचीस. त्या काळी ते नाव इतकं चालायचं की चार घरांआड एक निघायची. आपलं आडनावही तसंच, गावोगाव पसरलेलं. त्यामुळे जिल्हा परिषदेला बायकांची राखीव जागा निघाली आणि मोठ्या पुढाऱ्याने आपल्या बायकोला उभं केलं, तेव्हा तिचं नाव आणि तुझं नाव शेजारी शेजारी ठेवलं तर नवऱ्याचं नाव वाचल्याशिवाय फरक कळत नव्हता. हे आपल्याला कळायच्या आधी विरोधकांना कळलं.

ते जीप घेऊन आले. तू ओसरीवर बसून बांगड्यांच्या माळा ओवत होतीस. बाबा पानाचं देठ खुडत होते. जीपमधला जाडा माणूस म्हणाला, "वैनी, तुमाला काईच कराचं न्हाई. प्रचार न्हाई, भाषण न्हाई. निस्तं नाव द्या."

"म्हंजे ज्याला तिला मत द्याचं, त्यो चुकून मला देनार. असंच ना?"

"बराबर!"

"आन् ज्याला मलाच द्याचं असंल, त्यो?"

तो हसला. मागचे दोघंही हसले. माय, मला आजही वाटतं, ते हसले नसते तर तू फॉर्मवर सही केली नसतीस.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. मी वसमतला कॉलेजात जायचे. एसटीत पोरी मला 'डमीची पोरगी' म्हणायला लागल्या. मी घरी येऊन आदळआपट केली, तर तू म्हणालीस, "डमी काहून? मी काय शेतातलं बुजगावनं हाय का?" आणि दुसऱ्या दिवशी माळा खांद्यावर टाकून नेहमीच्या फेरीला निघालीस. काही करायचं नाही असं सांगितलेलं असताना तू घरोघर प्रचार केलास, तोही बांगड्या भरता भरता. "हात माझ्या हातात असतोय तवर बाई उठून जात नसते," हे तुझं म्हणणं. मनगट दाबायचं, बांगडी सरकवायची आणि आपलं चिन्ह सांगायचं: कपबशी. गावात हातपंप हवा, दवाखान्यात बाईमाणूस डॉक्टर हवी, दोनच गोष्टी. त्या पुढाऱ्याच्या भाषणात इतकं रोखठोक काही नव्हतं.

आणि तू त्या पुढाऱ्याच्या बायकोच्याही घरी गेलीस. दर सणाला जायचीस, मग यंदा काहून नको, म्हणालीस. मी बरोबर होते, रागानेच. तिने हात पुढे केला आणि म्हणाली, "काय गं, माझ्याच इरोधात उभी राह्यलीस ना?" तू मान वर न करता बांगडी सरकवत म्हणालीस, "तुमी तरी कुठं उभ्या राह्यल्यात, बाई? तुमालाबी उभंच केलंय की." मला वाटलं आता आपल्याला हाकलणार. तिने भरलेलं मनगट एकदा फिरवून पाहिलं. मग म्हणाली, "दुसऱ्या हातातबी भर." निघताना रिवाजाप्रमाणे तिने बांगड्या भरणारीला वाकून नमस्कार केला. दोघी एका नावाच्या, आणि त्या घडीला मला दोघींची सारखीच तकलीफ दिसली. पण माझा राग काही गेला नाही.

ती पडली, आणि जीपवाल्यांनी उभी केलेली तिसरीच बाई निवडून आली. आपल्या गावच्या केंद्रावर तर तुला पुढाऱ्याच्या बायकोहून जास्त मतं. जाडा माणूस पेढे आणि लुगडं घेऊन आला. "वैनी, लोकं लई चुकले बघा!" सगळा तालुका तेच म्हणत होता, बाबासुद्धा. तू लुगडं परत केलंस. "लोकं चुकले न्हाईत. माझी मतं मला म्हाईत हायेत," म्हणालीस आणि ओसरीवर एकेक बांगडी मांडायला बसलीस. ही हट्टा गावची, सव्वादोनचं माप, अंगठ्याचं हाड आडवं येतंय. ही शाळेमागची, अडीच. बायकांची नावं तुझ्या ध्यानात राहत नसत, हात राहायचे. सगळी ओसरी हिरवी झाली. शेवटी एक बांगडी उरली ती माझ्या हातात चढवून म्हणालीस, "आन् ही माझ्या लेकराची." किती खूश होतीस तू! त्यानंतर तू पाच वर्षंही जगली नाहीस, पण जगलीस ती मान ताठ ठेवून. हातपंपासाठी पंचायत समितीत जाऊन बसायचीस तेव्हा साहेब विचारायचे, "तुम्ही म्हणजे त्या पुढाऱ्यांच्या मिसेस का?" तू म्हणायचीस, "न्हाई, मी म्हंजे मी."

हे पत्र मी कुठं टाकणार? पाकिटावर तुझं नाव घातलं तर आपल्याच गावात चौघी जणी फोडून वाचतील. म्हणून वहीतच ठेवते. त्या आजीला मी छातीठोक उत्तर दिलं खरं, पण तुझ्या निवडणुकीच्या दिवशी पडद्याआड माझ्या हातात शिक्का होता तेव्हा ते उत्तर मला सुचलं नव्हतं. लोक म्हणत होते, तिची मतं चुकून तुला पडली. किती पडली, कोण जाणे. तुझं एक मात्र तिला गेलं, माय. ते माझं होतं. मी चिन्ह दोनदा पाहिलं होतं.