आमच्याआधी दिल्लीला गेलेला डबा

पूर्णगड,
ता. १२ जून १९८३

चि. जानूस,
गुणवंतीताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे आम्ही सगळी खुशाल. तुझी खुशाली मात्र दीड महिना कळलेली नाही. आईने पोस्टमनला दोनदा वाटेत अडवलंन, आता तो आमच्या दगडी गडग्याजवळ आला की सायकल जोरात हाणतो.

परवा होडी वर ओढली, माडाची झापं घालून शाकारली. आता नारळी पौर्णिमेपर्यंत तुझे भावोजी घरात, म्हणजे माझ्या डोक्यावर. आपल्या लोकांना कुठे जायचं तर वर्षातले हेच दोन महिने. तेव्हा ऐक, आईने दिल्लीला जायचं काढलंय. मी, भावोजी, आई आणि आमची लेक चिमा. चिमाच्या पाचवीच्या पुस्तकात कुतुबमिनार आहे, तिला तो बघायचाय. आईला विचारलं तुला काय बघायचंय, तर म्हणाली जानूची खोली. तीन वर्षं झाली तुला नोकरीला लागून, पण पोरगा कुठे निजतो ते तिने पाहिलेलं नाही.

खर्चाचं घाबरू नकोस, सगळं बसवलंय. तिकिटं मुंबईचे केरूभावजी काढतायत, दोन ऑगस्टची जायची आणि बाराची यायची. उतरायला तुझी खोली, म्हणजे लॉजचा खर्च नाही. तांदूळ घरचे आणि सुकं म्हावरं घरचं. तुझ्या स्टोव्हवर मी रांधेन. बाहेर खायचं म्हणजे चहा तेवढा.

पण जानू, मला आतापासूनच काळजी लागलीये. आईचे गुडघे, एवढी लांब गाडी, हिंदी कुणाला येत नाही, चिमा गर्दीत हात सोडते. स्टेशनवर तू दिसला नाहीस तर आम्ही कुठे जायचं? तुझ्या घरमालकांना आधी विचारून ठेव आणि कुठली बस, कुठला फाटा, सगळं बारीक लिही.

आईचा तुला आशीर्वाद. माया आहे तशीच ठेव आणि पत्र लवकर टाक.

तुझी,
गुणवंतीताई


दिल्ली,
ता. २१ जून १९८३

ती. गुणवंतीताईस,
जानूचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. मी खुशाल आहे, ऑफिसात टायपिंगचं काम फार, म्हणून लिहिणं राहिलं. आईला सांग, पोस्टमनला सोड.

तुम्ही येताय ह्याचा आनंद आहेच. पण ऑगस्टात इथे फार उकडतं. आपल्यासारखा वारा नाही, अंगावर घामोळं उठतं. नोव्हेंबरात आलात तर? त्यावेळी होडी समुद्रात असते हे मला कळतं, तरी भावोजींना विचारून बघ.

यायचंच ठरलं तर मी हिशेब करून ठेवलाय. इंडिया गेट, राजघाट, बिर्ला मंदिर, राष्ट्रपती भवन बाहेरून, ह्याला पैसे पडत नाहीत. शुक्रवारी बऱ्याच जुन्या वास्तूंना तिकीट नसतं, म्हणून लाल किल्ला आणि कुतुबमिनार त्या दिवशी करू. चिमाला प्राणिसंग्रहालय दाखवू. बाकी सरकारी बसने फिरलं की झालं.

उतरण्याचं मात्र माझ्या खोलीवर नको. खोली लहान आहे, जिना उभा आहे, आईचे गुडघे दुखतील. स्टेशनजवळ धर्मशाळा आहे, स्वच्छ आणि स्वस्त. मी रोज सकाळी तिथे येईन. आणखी एक, सुकं अजिबात आणू नका. मालक कडक शाकाहारी आहेत. घरात कांदासुद्धा शिजत नाही.

आईस साष्टांग नमस्कार. चिमाला गोड पापा. लोभ कमी करू नये.

तुझा,
जानू


पूर्णगड,
ता. २९ जून १९८३

चि. जानूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र काल आलं आणि काल रात्रीपासून माझ्या डोळ्याला डोळा नाही. एक तर आईला काय सांगू? धर्मशाळा म्हटल्याबरोबर ती उठून मागीलदारी गेली. तिला उभ्या जिन्याचं सांगतोस? ती डोक्यावर टोपली घेऊन गडाच्या चढणीने वर्षानुवर्षं गेलीये. खरं काय ते सांग. कुणी पंजाबीण आणून ठेवलीस का मेल्या? तसं असलं तरी चालेल, पण सांग.

आता दुसरं, आणि हे जास्त वाईट. सुकं आणू नको म्हणतोस, ते तर गेलं! मिरजोळ्याच्या कारखान्यात आपला काशीराम आहे ना, तुझ्याबरोबर शाळेत होता तो. त्याला साहेबाने मशीनचा भाग आणायला दिल्लीला धाडलाय. आम्हाला ओझं कमी म्हणून मी त्याच्याकडे डबा दिला. तेलाच्या पत्र्याच्या डब्यात बोंबील, जवळा, थोडे बांगडे, वरून कापड शिवून. तुझ्या खोलीवर पोचता करतो म्हणाला. तो परवा गेला, तुझं पत्र काल आलं. मी पहिल्या एस. टी. ने मिरजोळ्याला धावले, वाटलं निघाला नसेल. कारखान्याच्या गेटवरच्या माणसाने सांगितलं, गाडी आता मुंबईच्याही पुढे गेली असेल.

तू काही कर, त्याला वाटेतच गाठ. काशीरामचं तोंड तुला ठाऊक आहे, बसेल तिथे गप्पा मारील. माझा जीव टांगणीला लागलाय. उलट टपाली कळव.

तुझी,
गुणवंतीताई


दिल्ली,
ता. ५ जुलै १९८३

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र यायच्या चार दिवस आधी डबा आला. मी ऑफिसात होतो. काशीरामने तो खाली मालकीणबाईंकडे दिला, तासभर बसला, चहा प्यायला आणि त्याच्या मोडक्या हिंदीत सगळं सांगून गेला. आपली होडी, भावोजींची जाळी, आई पावस गावापर्यंत मासे विकायला जायची ते, सगळं.

ताई, आता तुझ्यापासून लपवून काय उपयोग. मी खोली बघायला आलो तेव्हा मालकांनी गाव विचारलं. रत्नागिरी म्हटल्यावर ते खूश झाले, म्हणाले मग तुमच्या आंब्याच्या बागा असतील. मी मान हलवली. तेवढंच केलं, नुसती मान हलवली. मासेवाल्याला ते खोली देणार नाहीत अशी भीती वाटली. पुढच्या मे महिन्यात त्यांनी विचारलं, घरचा आंबा नाही आला का? मग मी इथल्या बाजारातून हापूसची पेटी आणली, लेबल फाडलं आणि घरची म्हणून दिली. तिन्ही वर्षं दिली. आता गल्लीत मला सगळे आमवाले बाबू म्हणतात. मालक गेल्या वर्षी विचारत होते, एका कलमाला किती फळ धरतं. मी तोंडाला येईल तो आकडा सांगितला.

म्हणून धर्मशाळा. आई ह्या दारात आली की पहिल्या वाक्यात सगळं सांगेल, मला ठाऊक होतं. मला आईची लाज वाटली.

डबा कुठे आहे माहीत नाही. मालक चार दिवस माझ्याशी बोललेले नाहीत. जिन्यावर समोरून आले की बाजूला होतात. खोली गेली तर एवढ्या भाड्यात दुसरी मिळणार नाही. तू तिकिटं परत कर. हे आईला वाचून दाखवू नको, माझी शपथ आहे.

तुझा अभागी,
जानू


पूर्णगड,
ता. १३ जुलै १९८३

चि. जानूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

शपथ मी पाळली रे, पण आईने पाळू दिली नाही. मी पत्र वाचता वाचता खालचं गाळलं आणि एकदम लोभ असावा म्हटलं. तिला अक्षर येत नाही, पण टपालाचे कागद मोजता येतात. म्हणाली, दुसऱ्या कागदावर काय आहे ते वाच. नाही म्हटलं तर जेवायला बसेना. शेवटी वाचलं. मला वाटलं रडेल, शिव्या घालील. भावोजी तर तापले होते, म्हणाले हा मोठा बागायतदार, ह्याच्या टायपिंगच्या क्लासची फी कुठल्या कलमाला धरली होती ते विचार! मलाही तुझा फार राग आला जानू. अजून आहे.

आई मात्र बराच वेळ पायाच्या भेगा चोळत बसली. मग म्हणाली, घाबरला असेल, एकटा आहे. तिचं म्हणणं असं की जी घरं मासे खात नाहीत त्यांच्या दारावरून ती सगळी वर्षं गेलीये. टोपली गडग्याबाहेर झाडाखाली ठेवायची, वास जायला चिंच लावून हात धुवायचे, मग अंगणाच्या खळ्यात पाऊल टाकायचं. तिथे बसून तिने पाणी मागितलंय, त्यांच्या बाळंतिणींची चौकशी केलीये. कुणी तिला हाकललं नाही. तुझ्या मालकांच्या दारातही ती तशीच हात धुऊन येईल, सुक्याचा कण आणणार नाही. त्यात लाजण्यासारखं काय आहे, ते तिला कळत नाही.

पण तिची एक अट आहे. आम्ही यायच्या आत तू स्वतः मालकांना सांगायचंस, तुझ्या तोंडाने. काशीरामने सांगितलं ते धरायचं नाही. तू सांगितलं नाहीस तर ती धर्मशाळेत राहील, कुतुबमिनार बघेल, लाल किल्ला बघेल आणि तुझी खोली न बघता परत येईल. तसं झालं तर पुन्हा कधी दिल्लीचं नाव काढणार नाही म्हणाली. तुला आईचा स्वभाव माहीत आहे, ती हे खरं करील.

तिकिटं मी परत केलेली नाहीत. एकतीसला आम्ही घर सोडतो. त्याच्या आत तुझं पत्र आलं पाहिजे. पोस्टमनची वाट आता मीच अडवून बसलेय.

तुझी,
गुणवंतीताई


दिल्ली,
ता. २० जुलै १९८३

ती. आईस,
जानूचा शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र तुझ्या नावाने आहे. तुला लिहिलेलं हे माझं पहिलंच. ताईने एकही ओळ न गाळता वाचावं. कागद दोन आहेत.

काल ताईचं पत्र आलं आणि संध्याकाळी मी खाली गेलो. मालकांना सांगितलं, आमची बाग नाही, कधी नव्हती. माझी आई मासे विकायची, त्या पैशांवर मी शिकलो. आंबे बाजारातले होते. त्यांनी पेपर खाली ठेवला. म्हणाले, मासळीचं काही नाही, पण तीन वर्षं माझ्या घरात बसून तू खोटं बोललास. खोलीचं तुझी माणसं येऊन गेल्यावर बघू, तोवर त्यांना इथेच उतरव. पुढे काय ते मला माहीत नाही आई. कदाचित खोली जाईल. गेली तर गेली.

मग मी डब्याचं विचारलं. मला वाटत होतं कचऱ्यात गेला असेल. मालकीणबाई मला गच्चीवर घेऊन गेल्या. पाण्याच्या टाकीमागे तुमचा डबा, त्यावर उपडी बादली, बादलीवर दोन विटा. कापडाची शिवणसुद्धा उसवलेली नव्हती. मांजरं येतात म्हणून त्या रोज वर जाऊन विटा बघून येत होत्या, नाकाला पदर लावून. त्या म्हणाल्या, कुणाच्या आईने एवढ्या लांबून पाठवलेलं मी टाकणार कशी? आणि आंब्याचं त्यांना पहिल्या वर्षीच कळलं होतं. पेटीतल्या गवताखाली इथल्या दुकानाची चिठ्ठी निघाली होती. ती त्यांनी मालकांना दाखवली नाही.

मग मी त्यांना तुझी रीत सांगितली. की आई बाहेर हात धुऊनच आत येईल, तुम्ही काळजी करू नका. तर त्या माझ्यावर रागावल्या. म्हणाल्या, ती माझ्या दारात टोपली घेऊन येत नाहीये, मुलाच्या घरी येतेय. हात कशाला धुवायला लावतोस तिला?

आई, हे मला सुचायला हवं होतं.

तीन तारखेला मी स्टेशनवर गाडीच्या आधी तासभर येऊन उभा राहीन. चिमाचा हात मी धरीन. चुकामूक झालीच तर गल्लीच्या तोंडाशी आमवाले बाबूंचं घर विचारा, अजून तेच नाव चालतंय. आणि कुणी विचारलं तुम्ही कोण, तर तुला सांगायचं ते सांग.

तुझ्या पायांवर डोकं ठेवतो. ये.

तुझा,
जानू