ओट्यावरची रेघ

३ मे
कोल्हापूरहून प्रकाशकांचा फोन. पुस्तक तयार आहे, फक्त एक वाक्य काढा म्हणे. ‘हवामान बिघडलंय, ते आपण बिघडवलंय.’ त्याजागी ‘निसर्गाचा कोप’. “मग शाळा घेतील. बोल लावलेलं लोकांस्नी आवडत न्हाय, म्याडम.” त्या वाक्यासाठी तर अख्खं पुस्तक लिहिलं! नाही म्हटलं. डोकं फिरलंय.

६ मे
परत प्रकाशकांचा फोन. या वेळी माझंच पान ४१ घेऊन. कुरुंदवाडच्या आमच्या घरावर माझे वडील, आण्णा, दर मोठ्या पुराची रेघ ऑइलपेंटनं मारतात. ओट्यापासून मोजलेल्या त्या उंच्या मी आण्णांच्या वहीतून दिल्यात. आधीचा पूर जास्त, नंतरचा कमी. “पाणी उतरलंय की! तुमचंच पुस्तक सांगतंय.” विज्ञान शिकवते मी. लाज वाटली.

७ मे
आण्णांना विचारलं. हसायलाच लागले. “आगं, मधी ओटा उचलला न्हाय का? दोन पायऱ्या! जुनी रेघ गिलाव्याखाली गेली.” म्हणजे वहीतला जुना आकडा जुन्या ओट्यापासून, नवा नव्या ओट्यापासून. पुराला भिऊन उंच केलेल्या ओट्यावर उभं राहून मी पूर मोजला. नव्या आकड्यात पायऱ्यांची उंची मिळवली. नवी रेघच वर. गाढव आहे मी.

८ मे
पान ४१ नव्यानं लिहिलं. चूक लपवली नाही, तिचीच गोष्ट केली. एका भिंतीनं काही सिद्ध होत नाही, हेही लिहिलं. कोळसा, पेट्रोल जाळून आपण हवा तापवली, तापलेली हवा जास्त बाष्प धरते, ओतते तेव्हा धो धो. हे जगभरच्या मोजण्यांतून कळलंय, आमच्या ओट्यावरून नाही. वाक्य जागेवर. कुरिअर केलं.

१५ मे
प्रकाशक: “चूक कबूल केलीसा, बेस झालं. पण ते वाक्य...”
नाही म्हणजे नाही. नका छापू. फोन ठेवला. आण्णा ऐकत होते. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस.
“केवढं हाय तुझं वाक्य?”
“एक ओळ.”
“बसतंय की.”

१६ मे
आण्णांनी सकाळीच निळ्या रंगाचा डबा उघडला. भिंतीवर रेघेच्या वर माझं वाक्य, रस्त्यावरून दिसेल एवढी अक्षरं. ‘आपण’ जरा जाड काढलं. दूधवाला थांबला. “आण्णा, आमीबी बिघडवलंय व्हय?”
“मीबी,” आण्णा म्हणाले.
प्रकाशकांचा फोन नाही. मी करणार नाही. आण्णांना विचारलं, पाणी वाक्यापर्यंत आलं तर?
“परत रंगवीन.”