ग्रहाचं मूळ गाव

देवपूर, धुळे
९ नोव्हेंबर २०२५

तीर्थस्वरूप नाना,

साष्टांग नमस्कार. सत्काराची पत्रिका मिळाली. फोनच करणार होते, पण फोनवर आपणच बोलता आणि मी ‘हो नाना, हो नाना’ करत राहते. म्हणून लिहिते आहे.

इकडे सगळं ठीक. थंडी पडली की मायचे गुडघे कुरकुरतात, तेवढंच. बंगळूरच्या संस्थेने मला महिनाअखेरपर्यंत सुट्टी दिली आहे, त्यामुळे आम्ही दोघी निवांत आहोत. तिकडे कपाशीची वेचणी सुरू असेल. सुनंदाकाकूंना नमस्कार सांगा. भूपेंद्रच्या धाकटीला दात आले का?

तेवीस तारखेला एरंडोलला एवढा मोठा हॉल घेतला आहे, ढोलताशे सांगितले आहेत, हे वाचून कौतुक वाटलं. निवडणूक तोंडावर आली आहे आणि आपण उभे राहताय, हेही कळलं.

पत्रिकेत मात्र काही चुका आहेत. मी ग्रह शोधलेला नाही. तो आधीच सापडलेला होता. आमच्या चाळीस जणांच्या गटाने त्याची हवा मोजली, इतकंच. आणि ‘ग्रहांची जन्मकुंडली मांडणारी खान्देशकन्या’ हे कृपा करून काढाच. काल शेजारचे भटूअण्णा मुलाची पत्रिका घेऊन आले, म्हणाले, लग्नाला गुरुबळ आहे का बघ. मी म्हटलं, अण्णा, मी बघते तो ग्रह गुरूसारखाच आहे, पण दुसऱ्या ताऱ्याचा. तर म्हणतात, मग त्याचं बळ आपल्याला चालणार नाही का? मायने तोंडाला पदर लावला.

लोक विचारतील तर आपल्याला सांगता यावं म्हणून थोडक्यात लिहिते. हा ग्रह गुरूएवढा मोठा आणि त्याच्या ताऱ्याला इतका चिकटून फिरतो की चार दिवसांत त्याचं वर्ष संपतं. तिथल्या धगीत बर्फ टिकत नाही, एवढा मोठा ग्रह घडायला लागणारा मालच मिळत नाही. मग हा तिथे आला कुठून? जाऊन तर विचारता येत नाही. पण तो ताऱ्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याचा थोडा उजेड त्याच्या हवेतून गाळून आपल्याकडे येतो. त्या उजेडावरून त्या हवेत कार्बन किती, ऑक्सिजन किती, हे काढता येतं. लांब थंडीत वाढलेल्या ग्रहाचं प्रमाण वेगळं पडतं. ताऱ्याच्या अंगावरही डाग असतात आणि ते त्या उजेडात भेसळ करतात. ती भेसळ निवडून बाजूला काढणं हे माझं काम. त्यावरून आमचं मत असं झालं की हा ग्रह लांब कुठेतरी जन्मला आणि नंतर सरकत ताऱ्याजवळ आला. मत म्हणते आहे. पेपरवाल्यांनी त्याचं ‘सिद्ध केले’ करून टाकलं.

आता एक किरकोळ गोष्ट. पत्रिकेत माझं नाव ‘डॉ. सुलक्षणा नवल बोरसे’ असं आलं आहे. तिथे आबांचं नाव, तोताराम, हवं. छापखान्याची चूक असणार. आणि मायची खुर्ची दुसऱ्या रांगेत आहे असं भूपेंद्र म्हणाला. तिला मंचावर बसवावं. एवढं झालं की मी निश्चिंत.

आपली पुतणी,
सुलक्षणा

देवपूर, धुळे
१४ नोव्हेंबर २०२५

नाना,

नमस्कार. भूपेंद्र काल येऊन गेला. चौकातल्या फ्लेक्सचा फोटो दाखवला. त्यावरही माझ्या नावापुढे तुमचंच नाव आहे, आणि खाली ‘जन्मदात्या पित्याचाही सत्कार’.

छापखान्याची चूक नव्हती, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुम्हाला मागे फिरायला वाट ठेवली होती. तुम्ही उलट निरोप पाठवलात: ‘रगत कोनं शे, इचार तिले.’ भूपेंद्र बिचारा मान खाली घालून बोलला. माय समोरच लसूण सोलत बसली होती. तिने वर पाहिलं नाही, पण नंतर त्या लसणाचं काय करायचं ते तिला आठवेना.

मी ‘तीर्थस्वरूप’ लिहिलं तेही तुम्हाला लागलं म्हणे. तीर्थरूप आईबापांना लिहितात, नाना. होस्टेलवर होते तेव्हा आबांना लिहायचे.

तुम्ही माझ्या जन्माची जाहिरातच लावली आहे, तर तेही एकदा बोलून घेऊ. दोन मुलींवर मी तिसरी झाले, म्हणून सव्वा महिन्याची असताना तुम्ही मला थोरल्या भावाच्या ओटीत घातलंत. आबांना मूल नव्हतं. सगळ्यांचंच भलं झालं. पुढे तुम्हाला भूपेंद्र झाला, तेव्हा पेढे द्यायला तुम्ही धुळ्याला आलात आणि मला म्हणालात, ‘तुझ्या काकाला मुलगा झाला.’ मी दोन पेढे खाल्ले. या कशाचाच मला राग नाही. मी सुखात वाढले. आबा एसटीच्या वर्कशॉपमधून आले की आधी हाताचं ग्रीस घासून काढायचे आणि मगच माझ्या पुस्तकांना हात लावायचे.

राग आहे तो आबा गेले त्या दिवसाचा. मडकं धरायला मी पुढे झाले होते. मायने होकार दिला होता, गल्लीतल्या कोणाची हरकत नव्हती. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, ‘ती त्यानी पोर नई शे. आग भूपेंद्रले देऊ द्या.’ आणि मला अमरधामच्या फाटकाबाहेर थांबवलंत. मी तिथे रसवंतीच्या बाकड्यापाशी उभी होते. झाडांवरून धूर दिसला तेव्हा कळलं, आबांना अग्नी दिला.

म्हणजे अग्नी द्यायच्या दिवशी मी त्यांची नव्हते, आणि शाल मिळायच्या दिवशी मी तुमची झाले. फार वाईट वागलात, नाना. माझ्याशी वागलात ते एक वेळ सोडून देईन. आबांशी वागलात ते सुटत नाही. त्या माणसाला तुम्ही मेल्यावर निपुत्रिक केलंत.

रक्ताचं विचारता, तर माझ्या कामातलंच सांगते. मोठा ग्रह सुरू होतो तो बारक्या कणांपासून, हे खरं. पण तसे कण तिथे अमाप असतात आणि बरेचसे धूळच राहतात. पहिला कण कोणता, हे आम्हाला मोजता येत नाही. आम्ही मोजतो ते त्याने वाढताना काय खाल्लं. त्याची खूण त्याच्या हवेत राहते, मग तो ताऱ्याजवळ येऊन कितीही तापो. कण तुमचा, कबूल. खाल्ली ती मायच्या हातची कळण्याची भाकरी. माझं मूळ कोणी मोजलंच तर देवपूरचं हे दोन खोल्यांचं घर निघेल, तुमच्या गावाचा पत्ता नाही लागणार.

माय मला अजून सांगते आहे, ‘जाय ना बेटा. मान देवामा आपलं काय जास?’ तिचं जात नाही, कारण तिने आयुष्यात कधी हट्टाने काही आपलं म्हटलंच नाही. माझं जातं.

म्हणून मी येते, पण असं झालं तर. पत्रिकेवर आणि फ्लेक्सवर तोताराम येईल. मंचावर माझ्या शेजारी दोन खुर्च्या असतील. एकीवर माय बसेल, दुसरीवर सुनंदाकाकू. काकूंवर माझा राग नाही. मला देताना त्यांना कोणी विचारलं नव्हतं. पद्मालयाच्या गणपतीला भेटल्या की माझा हात धरून त्या नुसत्या उभ्या राहायच्या, आणि तुम्ही ‘चला, उशीर होतो’ म्हणालात की सोडायच्या. सत्कार करायचाच तर त्यांचा करा.

हे जमणार नसेल तर हॉल रद्द करा. मी का आले नाही हे पेपरवाले मला विचारतीलच, आणि मी खरं तेच सांगेन. निवडणुकीचं मग तुम्ही बघा.

तुम्ही खाली बसायचं. दुसऱ्या रांगेत, मायसाठी ठेवली होती त्याच खुर्चीवर. चारचौघांत कमीपणा वाटेल, माहीत आहे. पण मी त्या दिवशी फाटकाबाहेर उभी होते, नाना. तुम्हाला खुर्ची तरी आहे.

तुमच्या थोरल्या भावाची मुलगी,
सुलक्षणा तोताराम बोरसे