सर्वानुमते मंजूर

३ नोव्हेंबर
ज्येष्ठ नागरिक मंडळात भाषण केलं. विषय मीच निवडलेला — राष्ट्राध्यक्ष आणि कायदे. ऐकायला अकरा जण, त्यातले चार झोपलेले. राज्यशास्त्राची पदवी चव्वेचाळीस वर्षांनी बाहेर काढली, तिला कसर लागली नव्हती हेच नशीब! सांगितलं — दोनच पक्ष असले आणि सभागृह विरोधकांकडे गेलं, तर राष्ट्राध्यक्षाच्या हातात उरतं फक्त 'नाही' म्हणणं. ब्राझीलसारखे ढीगभर पक्ष असले, तर एकेकाला मंत्रिपद देऊन कायदे करून घ्यावे लागतात. आणि एकाच पक्षाचं राज्य असलं, तर सभागृह टाळ्या वाजवतं.

विनायकराव, आमच्या सोसायटीचे अध्यक्ष, हसले. "बाई, आपल्याकडे ही भानगडच नाही. आपल्याकडे सगळं सर्वानुमते!"

खरंच आहे. सचिव नीता सभेचं इतिवृत्त आदल्या दिवशीच लिहून ठेवते. चहा उकळायच्या आत ठराव मंजूर!

७ नोव्हेंबर
फाटकावर नोटीस. मासेविक्री बंद करण्याचा ठराव, रविवारी सभा.

करंजा गावची कोळीण वेणू एकोणीस वर्षं फाटकाशी पाटी घेऊन बसते. म्हणाली, "वास येतो म्हनं, बाय. चेअरमनसायबानी मंगलवारी कोलबी नेली, ती काय अत्तराची व्हती?" मग हळूच — "दुसरीकडं जागा नाय मना."

बघते म्हटलं. म्हटलं खरं!

८ नोव्हेंबर
ठरावाविरुद्ध मतं मागत घरोघरी फिरले. ब्राझीलच निघालं! एक गट पार्किंगवाला, एक पाण्याच्या टाकीवाला, एक कबुतरांना दाणे घालणारा. पार्किंगवाल्यांचा पुढारी धर्मराज — "काकू, मत तुम्हालाच. माझ्या दुसऱ्या गाडीचं तेवढं बघा." हो म्हटलं. टाकीला हो म्हटलं. कबुतरांनाही हो म्हटलं. शी!

९ नोव्हेंबर
ठराव पडला! नीताच्या वहीत मात्र 'सर्वानुमते मंजूर' आधीच निळ्या शाईत. खोडताना पान फाटलं. विनायकराव ताडकन उठले — "चालवा मग तुम्हीच!" राजीनामा.

नव्या अध्यक्ष — मी.

१८ नोव्हेंबर
वेणूच्या जागेचा पक्का ठराव हवा, नाहीतर पुढचा कोणी तिला उठवेलच. पण धर्मराजला आधी गाडीची जागा हवी. कबुतरवाल्यांना आधी गच्ची. टाकीवाल्यांना गच्चीवर कबुतरं नकोत, कारण टाकी गच्चीवरच! तिघांना दिलेले तीन शब्द एकमेकांना भिडलेत. हात कोणीच वर करेना. अध्यक्ष होऊन मला काय करता येतं? फक्त 'नाही' म्हणता येतं. भाषणात हे किती छान वाटलं होतं!

२१ नोव्हेंबर
वेणू — "बाय, झाला का माझा कागद?"

२२ नोव्हेंबर
उद्या सभा. नीताला बोलावलं. म्हटलं, वही आण, वेणूचा ठराव आजच लिहून टाकू.

"लिहिलाय काकू. सर्वानुमते."

सही केली. मग चहा टाकला.